पस्तीस लाख फायलींचं गिट

फेब्रुवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या घरातली एक अडचण स्वतःहून जगजाहीर केली. विंडोजचा सगळा सोर्स कोड एकाच गिट रेपोत, म्हणजे कोडच्या एकाच कोठारात, ठेवला तर फायली भरतात ३५ लाखांहून जास्त आणि आकार जातो २७० जीबीच्या पुढे. हा रेपो नुसता क्लोन करायला, म्हणजे त्याची पूर्ण प्रत आपल्या मशीनवर उतरवून घ्यायला, बारा तासांहून जास्त वेळ लागायचा. एका ब्रँचवरून, म्हणजे कोडच्या एका समांतर शाखेवरून, दुसरीवर जायला दोन-तीन तास. आणि ‘मी आज कुठल्या फायलींना हात लावला?’ एवढाच प्रश्न विचारणारी ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा उत्तर द्यायला दहा मिनिटं घ्यायची. प्रोग्रामर ही आज्ञा दिवसातून कितीदा देतो याची मोजदाद त्याची त्यालाही नसते, बोटांना सवयच लागलेली असते. समजा पन्नास वेळा दिली, तर आठ तास वीस मिनिटं नुसती वाट बघण्यात. अख्खी शिफ्ट झाली.

गिट हे व्हर्जन कंट्रोलचं साधन आहे. कोडमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ते ठेवतं आणि त्यातली कुठलीही जुनी अवस्था मागितली की पुन्हा उभी करून देतं. अशी प्रत्येक नोंद म्हणजे एक कमिट. दहा-बारा जणांच्या टीमला याचा भार कधी जाणवतही नाही. विंडोजवर मात्र सुमारे चार हजार अभियंते काम करत होते.

यावर कोणीही पहिला उपाय सुचवेल तो असा: एवढं सगळं एकत्र ठेवता कशाला, तुकडे करा की! गिटच्या जाणकारांनी फेसबुकलाही हाच सल्ला दिला होता. फेसबुकला तो पटला नाही. त्यांनी गिटच बाजूला ठेवलं, मर्क्युरियल नावाचं दुसरं साधन घेतलं, त्यात स्वतःच्या गरजेप्रमाणे भर घातली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती हकीकत प्रसिद्ध केली. गूगल तर आपल्या मुख्य रेपोसाठी गिटच्या वाटेला गेलंच नाही. जानेवारी २०१५ च्या त्यांच्याच आकड्यांप्रमाणे त्यांच्या एका रेपोत सुमारे २०० कोटी ओळींचा कोड, साडेतीन कोटी कमिट्स आणि ८६ टेराबाइट माल होता. तो सांभाळायला त्यांनी ‘पायपर’ ही स्वतःची यंत्रणा बांधली. विंडोजचा कोड पूर्वी खरोखरच तुकड्यांत होता, ‘सोर्स डेपो’ या जुन्या प्रणालीतल्या चाळीसहून जास्त डेपोंमध्ये. पण तुकडे केले की एक नवं दुखणं मागे लागतं. एखाद्या मूलभूत फंक्शनमध्ये बदल करायचा तर ते वापरणारी प्रत्येक जागा त्याच वेळी बदलायला हवी, आणि त्या जागा वेगवेगळ्या रेपोंत असतील तर ‘त्याच वेळी’ असं काही उरतच नाही. एका रेपोत तेच काम एका कमिटमध्ये होतं. मोठ्या कंपन्या एवढा त्रास का ओढवून घेतात, याचं कारण हे.

गिट अडखळतं ते का, हे कळायला त्याचा जन्म बघावा लागतो. लिनक्स कर्नलची मंडळी बिटकीपर नावाची प्रणाली फुकट वापरत होती, ती सवलत २००५ मध्ये बंद झाली. लायनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या सुरुवातीला नवं साधन लिहायला घेतलं, काही दिवसांतच ते स्वतःचाच कोड सांभाळू लागलं आणि जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटमधून बाहेर पडली. वेग ही टोरवाल्ड्स यांची पहिल्या दिवसापासूनची अट होती. एक पॅच लावायला तीन सेकंदांहून जास्त लागता कामा नये, असं त्यांचं मोजमाप होतं. पण तेव्हा त्यांच्यासमोर असलेल्या कर्नलमध्ये फायली होत्या सुमारे १७ हजार. तेवढ्या पसाऱ्याला दोन गृहीतकं फार छान चालली. प्रत्येकाकडे सगळा इतिहास असेल, हे एक. आणि काय बदललं हे गिट प्रत्येक वेळी स्वतः सगळीकडे फिरून बघेल, हे दुसरं. पुढच्या वीस वर्षांत वेगासाठी जे जे केलं गेलं, ते जवळजवळ सगळं या दोन गृहीतकांतून अंग काढून घेण्याचं काम आहे.

आज त्याच कर्नलमध्ये ८० हजारांहून जास्त फायली आणि दहा लाखांहून जास्त कमिट्स आहेत, तरी चांगल्या लॅपटॉपवर साधं गिट तिथे मुकाट काम करतं. तेव्हा दहा-वीस हजार फायलींचा रेपो रडत असेल तर आधी गिटला नावं ठेवू नयेत. बहुतेक वेळा कोणीतरी डेमोचे व्हिडिओ नाहीतर अख्खं ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर कमिट करून मोकळं झालेलं असतं.

‘गिट स्टेटस’ दिल्यावर आत काय घडतं ते जरा जवळून बघू. गिटच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ‘इंडेक्स’ नावाची एक फाइल असते. तिच्यात रेपोतल्या प्रत्येक फायलीची एक नोंद: नाव, आकार, शेवटच्या बदलाची वेळ आणि आतल्या मजकुराचा ठसा. गिट हुशार आहे, ते प्रत्येक फाइल उघडून वाचत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला फक्त विचारतं, या फायलीचा आकार किती, वेळ काय? दोन्ही जुळले तर पुढे. पण विचारावं लागतं प्रत्येक फायलीबद्दल. एका प्रश्नाला मिलिसेकंदाचा दहावा भाग धरला तरी ३५ लाख प्रश्नांना ३५० सेकंद, म्हणजे जवळपास सहा मिनिटं. शिवाय इंडेक्समध्ये नसलेली नवीन फाइल कुठे उगवली आहे का, हे बघायला प्रत्येक फोल्डरमध्ये डोकावावं लागतं ते वेगळंच. आणि एवढं सगळं कशासाठी? सकाळपासून तीन फायली बदलल्या, हे सांगण्यासाठी.

मायक्रोसॉफ्टने यावर काढलेला तोडगा धाडसी होता. जीव्हीएफएस, म्हणजे ‘गिटसाठी आभासी फाइल सिस्टिम’. क्लोन केल्यावर फोल्डरमध्ये ३५ लाख फायली दिसतात, पण त्या नावापुरत्या. मजकूर सर्व्हरवरच असतो. तुम्ही एखादी फाइल उघडलीत की विंडोजच्या पोटात बसलेला ड्रायव्हर तेवढीच खाली उतरवतो. कोणत्या फायलींना हात लागला हे त्या ड्रायव्हरला ठाऊक असल्यामुळे स्टेटसलाही तेवढ्याच फायली तपासाव्या लागतात. क्लोन बारा तासांवरून काही मिनिटांवर आला, ब्रँच बदलणं अर्ध्या मिनिटावर आणि स्टेटस चार-पाच सेकंदांवर. मार्च २०१७ मध्ये विंडोजचे दोन हजार अभियंते शुक्रवारी सोर्स डेपोतून उठले आणि सोमवारी येऊन गिटवर बसले.

हे आभासी प्रकरण मात्र फार नाजूक होतं. सगळ्या फायली चाळत जाणारा कुठलाही प्रोग्राम चालवला की त्या ३५ लाख फायली एकेक करून खऱ्या व्हायला लागायच्या आणि सगळा फायदा पाण्यात. दुसरी अडचण मॅकवर आली. ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’चा कोडही तितकाच अवाढव्य, आणि त्यावर काम करणाऱ्या कित्येकांच्या टेबलावर मॅक. तिथेही अशीच यंत्रणा उभारायचं काम चालू होतं, तेवढ्यात ॲपलने ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बाहेरच्यांचा कोड घुसवायची वाट बंद करत आणली. मग मायक्रोसॉफ्टने दिशा बदलली. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘स्कॅलर’ आलं. त्यात आभासी काही नव्हतं, लागेल ती सुधारणा मूळ गिटमध्येच करायची असं ठरलं होतं. मला विचाराल तर या सगळ्या कथेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. जीव्हीएफएसचा उपयोग मोजक्या टीम्सना झाला; स्कॅलरच्या निमित्ताने जे घडलं ते आज कोणालाही फुकट मिळतं.

त्यातली पहिली गोष्ट फाइल सिस्टिमवरच्या पहाऱ्याची. सोसायटीतून रात्री कोण बाहेर गेलं हे शोधायला चारशे फ्लॅटच्या बेल वाजवायच्या, की गेटवरच्या वॉचमनची वही बघायची? फेसबुकने मर्क्युरियलसाठी हेच केलं होतं, आणि त्यांच्या प्रोग्रामचं नावही ‘वॉचमन’च. फाइल बदलली की ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच सूचना देऊ शकते. हा प्रोग्राम मागे बसून त्या सूचना टिपत राहतो. गिटमध्ये अशा पहारेकऱ्याला जोडून घ्यायची सोय जानेवारी २०१८ च्या २.१६ आवृत्तीत आली आणि जून २०२२ च्या २.३७ मध्ये विंडोज व मॅकसाठी गिटचा स्वतःचा पहारेकरीच आला. आता स्टेटस विचारतं एवढंच, की मागच्या वेळेनंतर कशाकशाला हात लागला?

दुसरी गोष्ट ‘स्पार्स चेकआउट’ची. मी पेमेंटचं मॉड्यूल बघतो, तर मला नकाशांचा कोड डिस्कवर कशाला हवा? फक्त हवी ती फोल्डर्स उतरवून घ्यायची सोय गिटमध्ये पूर्वीपासून होती, पण ती वापरणं म्हणजे डोकेदुखी. नावांचे नमुने लिहून द्यायचे आणि गिट प्रत्येक फाइल प्रत्येक नमुन्याशी ताडून बघणार. लाखो फायली गुणिले शेकडो नमुने! जानेवारी २०२० च्या २.२५ आवृत्तीत यासाठी वेगळी आज्ञा आली आणि तिच्यासोबत ‘कोन मोड’. नमुने नकोत, पूर्ण फोल्डरचं नाव द्या. मग तपासणी म्हणजे यादीत नाव आहे की नाही एवढंच बघणं. पुढे इंडेक्सही विरळ झाला. डिस्कवर नसलेल्या अख्ख्या फोल्डरची त्यात एकच नोंद राहते. हे किरकोळ वाटेल, पण एक फाइल ‘ॲड’ केली तरी गिट सहसा अख्खी इंडेक्स फाइल नव्याने लिहून काढतं, आणि तीत लाखो नोंदी असतील तर ते लिहिणंच जड होऊन बसतं.

इतिहासात मागे जाणं हे वेगळंच प्रकरण. ‘ही कमिट त्या रिलीजमध्ये गेली का?’ हा प्रश्न ऑफिसात रोज कोणी ना कोणी विचारतं. उत्तरासाठी गिट रिलीजच्या कमिटपासून तिच्या आधीच्या कमिटवर, तिथून आणखी आधीच्या, असं मागे मागे जातं आणि वाटेतली प्रत्येक कमिट डिस्कवरून काढून, उलगडून वाचतं. तारखा बघून मध्येच थांबता येईल म्हणावं, तर तारखांचा भरवसा नाही. कोणाच्या तरी मशीनचं घड्याळ चुकलेलं असतंच. २०१८ च्या २.१८ आवृत्तीत ‘कमिट-ग्राफ’ नावाची फाइल आली. कोणाचा पालक कोण ही माहिती तिच्यात आटोपशीर मांडलेली असते, आणि प्रत्येक कमिटला एक पिढी क्रमांक असतो: पहिल्या कमिटचा १, पुढच्या प्रत्येकीचा आपल्या पालकांतल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाहून एक जास्त. ८०० व्या पिढीतली कमिट ५०० व्या पिढीतल्या कमिटची पूर्वज असूच शकत नाही, त्यामुळे शोधत शोधत ८०० च्या खाली आलं की तिथेच थांबायचं. घड्याळाचा संबंधच नाही.

एकाच फायलीचा इतिहास मागितला तर आणखी एक पायरी वाढते. दहा लाख कमिट्सपैकी या फायलीला कोणी हात लावला? इथे गिटने १९७० सालची एक कल्पना उचलली. बर्टन ब्लूम यांनी तेव्हा मांडलेल्या निबंधातलं उदाहरण होतं ओळीच्या शेवटी इंग्रजी शब्द कुठे तोडायचा याचं. बहुतेक शब्द साध्या नियमाने तुटतात, थोडे अपवाद तेवढे डिस्कवरच्या कोशात बघावे लागतात. मग हा शब्द अपवाद आहे का, हे कोशापर्यंत न जाता कसं ओळखायचं? ब्लूम फिल्टर म्हणजे शून्य-एकची एक छोटी पट्टी. तिला विचारलं की दोनच उत्तरं येतात: ‘नक्की नाही’ किंवा ‘असेल बहुधा’. नकार कधीच खोटा नसतो. होकार अधूनमधून खोटा निघतो. जून २०२० च्या २.२७ आवृत्तीपासून गिट प्रत्येक कमिटसाठी अशी पट्टी करून ठेवू शकतं, दर बदललेल्या वाटेमागे दहा बिट आणि सात हॅश. खोट्या होकाराचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे ज्या कमिट्सनी त्या फायलीला हात लावलेला नाही, त्यांतल्या शंभरातल्या नव्याण्णव न उघडताच बाजूला पडतात.

मला सर्वांत मजेशीर वाटलेली गोष्ट मात्र नावांच्या हॅशची आहे. गिट सगळ्या आवृत्त्या ‘पॅक’ फायलींत दाबून ठेवतं. एकाच फायलीच्या दोन आवृत्त्या बऱ्याचशा सारख्याच असतात, त्यामुळे एक पूर्ण ठेवायची आणि दुसरीचा फक्त फरक. पण कुठली वस्तू कशाशी ताडून बघायची? लाखो वस्तू एकमेकींशी ताडणं अशक्य, म्हणून गिट त्यांची रांग लावतं आणि प्रत्येकीला फक्त आसपासच्या दहा वस्तूंशी ताडतं. रांगेतली जागा ठरते फायलीच्या नावावरून काढलेल्या एका आकड्यावरून, म्हणजे हॅशवरून, आणि त्या हिशेबात धरली जातात नावाची फक्त शेवटची सोळा अक्षरं. फाइल एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवली तरी तिच्या जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी राहाव्यात, हा त्यामागचा विचार. कर्नलमध्ये तो उत्तम चालला.

आता जावास्क्रिप्टचा एखादा मोठा रेपो घ्या. शेकडो पॅकेजेस, प्रत्येकाचं वेगळं फोल्डर आणि प्रत्येकात ‘चेंजलॉग डॉट जेसन’ नावाची, दर रिलीजला वाढत जाणारी फाइल. रोमन लिपीत हे नाव आधीच्या स्लॅशसकट पंधरा अक्षरांचं होतं. उरलं एक अक्षर, म्हणजे फोल्डरच्या नावाचं शेवटचं. ‘बटन’ आणि ‘आयकॉन’ या दोन पॅकेजेसच्या चेंजलॉग गिटच्या लेखी एकाच घरातल्या झाल्या. अशा शेकडो भलत्याच फायलींच्या आवृत्त्या रांगेत एकमेकांत मिसळल्या, आसपासच्या दहांत स्वतःची जुनी आवृत्ती सापडेना, आणि दर वेळी फरकाऐवजी मोठा ऐवज साठत गेला. मायक्रोसॉफ्टमधल्या अशाच एका रेपोचा आकार शंभर जीबीच्या पुढे गेला होता; योग्य रांग लावून पॅक नव्याने बांधल्यावर तो एक आकडी जीबीवर उतरला. कोडची एक ओळही कमी केली नव्हती. मार्च २०२५ च्या २.४९ आवृत्तीत फोल्डरच्या नावालाही वजन देणारा नवा हॅश गिटमध्ये आला. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवलेली सोळा अक्षरं कोणाच्या डिस्कवर किती जागा खातील, याचा अंदाज तेव्हा कोण करणार?

राहिला क्लोन. इथे पहिल्या गृहीतकालाच हात घालावा लागतो. सगळा इतिहास प्रत्येकाकडे असण्याची गरज नाही. ‘शॅलो क्लोन’ फक्त शेवटची कमिट आणतो. आपोआप बिल्ड करून फेकून देणाऱ्या यंत्रांना तो ठीक, माणसाला रोजच्या कामासाठी नाही. इतिहास अर्धवट असल्यामुळे त्यावर पुढे फेच करत, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल आणत, राहिलं की सर्व्हरला उलट जास्त काम पडू शकतं. रोजच्या कामाला ‘ब्लॉबलेस’ बरा. कमिट्स आणि फोल्डरांची रचना सगळी येते, फायलींचा जुना मजकूर मागाल तेव्हा येतो. याचीही किंमत आहे. ‘ही ओळ कोणी लिहिली’ हे शोधायला ‘गिट ब्लेम’ दिलं की जुन्या आवृत्त्या त्या क्षणी सर्व्हरवरून आणाव्या लागतात. पुणे-मुंबई गाडीत खंडाळ्याच्या बोगद्यात नेटवर्क गेलं की तुमचा ब्लेमही गेला. गिटची जुनी शान अशी होती की विमानात बसूनही सगळा इतिहास चाळता यावा. ती इथे थोडी सोडून द्यावी लागते. मोठ्या रेपोसाठी हा सौदा मला मान्य आहे. छोट्या रेपोत तो करू नये. तिथे पूर्ण क्लोनच चांगला.

हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून परदेशातल्या कंपनीचा भला मोठा रेपो ओढणाऱ्यांना यातलं काय उपयोगी पडेल? आधी मोजा. स्टेटस संथ आहे, फेच संथ आहे की लॉग, म्हणजे इतिहास चाळणं, हे कळल्याशिवाय सेटिंग बदलण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाचं औषध निराळं. स्टेटससाठी पहारेकरी आणि न नोंदलेल्या फायलींची कॅशे. लॉगसाठी कमिट-ग्राफ. फेचसाठी ‘गिट मेंटेनन्स स्टार्ट’. ही आज्ञा एकदा दिली की गिट तासातासाला नवीन माल मागच्या दाराने आणून ठेवतं; सकाळी पुल मारलात की आणायला फारसं काही उरलेलं नसतं. तुमच्या ब्रँचना ते हात लावत नाही.

हे एकेक करत बसायचा कंटाळा असेल तर ‘स्कॅलर’ वापरा. नवीन प्रत घ्यायची तर ‘स्कॅलर क्लोन’. त्यात ब्लॉबलेस आणि स्पार्स दोन्ही आपोआप येतं. रेपो आधीच मशीनवर असेल तर त्यात जाऊन ‘स्कॅलर रजिस्टर’ द्या. त्याने क्लोन लहान होणार नाही, पण मेंटेनन्स, कमिट-ग्राफ आणि जिथे चालतो तिथे पहारेकरी, हे सगळं चालू होतं. ऑक्टोबर २०२२ च्या २.३८ आवृत्तीपासून स्कॅलर गिटच्या सोबतच येतं, तेव्हा वेगळं काही उतरवून घ्यायच्या आधी तुमच्या मशीनवर गिटची आवृत्ती कुठली आहे ते बघा.